आत्याची थैली

नागपूरच्या आमच्या आत्याकडे एक कापडी थैली आहे. कुठल्याशा साडीच्या दुकानातून मिळालेली, एक बंद तुटलेला आणि वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने परत शिवलेला. तिच्यात औषधांची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, वजनाच्या मशीनची तिकिटं, सगळं कोंबलेलं असतं. आम्ही सगळे तिच्या या सवयीला हसायचो. "आत्या, दे गं ते रद्दीवाल्याला," असं मी स्वतः कितीदा तरी म्हटलं असेल. आता नाही म्हणत. आत्याची जी काही नजर आज शिल्लक आहे, ती त्या थैलीमुळे आहे.

हे लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. परवा घरच्यांच्या ग्रुपवर दोन गोष्टी झाल्या आणि मग राहवेना. एका भावाने विचारलं, "आत्याला जे झालं ते आपल्या घराण्यात आहे का? मुलांचे डोळे तपासू का?" आणि माझ्या एका चुलत बहिणीने, जिला बरीच वर्षं ल्यूपस आहे, आत्याची हकिगत ऐकून आपली गोळी आपणच बंद करून टाकली. कोणाला न विचारता. दोघांचीही भीती खरी आहे, पण दोघांचीही उत्तरं वेगळी आहेत. ती समजायला थोडा इतिहास सांगावा लागेल. कंटाळा करू नका :-)

सुरुवात नागपुरातूनच करते. २००६ सालचं नागपूर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. घराघरात माणसं लंगडत होती. भिंतीला धरून उठायचं, दोन्ही हातांनी चहाचा कप धरायचा. चिकुनगुनिया! तेव्हा सगळ्यांना वाटलं, हे काय नवीन संकट? पण नागपूरला हा पाहुणा जुना होता. १९६५ साली शहरात तापाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या (म्हणजे आजच्या एनआयव्हीतल्या) शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला आणि त्यामागे चिकुनगुनियाचा विषाणू असल्याचं दाखवलं. त्यांचा निबंध १९७२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला. १९७३ मध्ये बार्शीला साथ आली आणि मग तीसेक वर्षं हा आजार देशातून जणू गेलाच. परतला तो २००५ च्या अखेरीस.

त्या काळी सांधे धरलेल्या लोकांना क्लोरोक्विन किंवा त्याचं धाकटं भावंड हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सर्रास दिलं जायचं. (पुढे पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी चिकुनगुनियाने सांधे धरलेल्या रुग्णांवर अभ्यास केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. साध्या वेदनाशामकापेक्षा क्लोरोक्विनचा वेगळा फायदा त्यात दिसला नाही. असो.) आत्याचे सांधे दोन वर्षांनीही सुटेनात, तेव्हा नीट तपासण्या झाल्या आणि तिला संधिवात, ज्याला सगळे आरए म्हणतात तो, असल्याचं निघालं. २००८ मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झालं. दोनशेची गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. आरएला ही गोळी खरंच उपयोगी पडते. आत्यालाही पडली. ती परत पोळ्या लाटू लागली.

मग जे कुठल्याही घरात होतं तेच आमच्याकडे झालं. डॉक्टर बदलले. मधली काही वर्षं तर डॉक्टरच नव्हते. जुनी चिठ्ठी दाखवली की गोळ्या मिळत होत्या, आणि आम्ही आणत होतो. मी स्वतः आणून दिल्या आहेत. त्यामुळे कोणाकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात आत्या एक दिवस पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसली होती. कूलरच्या आवाजातच म्हणाली, "कोणीतरी माही अक्षरं खाऊन राहिलं गं. मधलं दिसते, बाजूचं गायब."

पहिल्यांदा ज्यांना दाखवलं त्यांनी डोळ्यात बघितलं, वय विचारलं. ७१. म्हणाले, मॅक्युलाची झीज आहे, या वयात होते. व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी बोलावलं. आत्याचं काही समाधान झालं नाही. पंधरा दिवसांनी आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरीण बाई वयाने माझ्यापेक्षाही लहान असतील. त्यांनी डोळ्यात बघितलं, दिवा बंद केला, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आता हिस्टरी सांगा."

आत्याने थैली त्यांच्या टेबलावर ठेवली.

आता खरा इतिहास.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर अगदी मधोमध एक छोटीशी जागा असते. तिला मॅक्युला म्हणतात, मराठी पुस्तकांत पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक कामं ती करते. ती बिघडली तरी माणूस घरभर फिरू शकतो, दाराला धडकत नाही. फक्त बघायचं असतं नेमकं तेच दिसत नाही.

१९०९ साली कार्ल श्टारगार्ट नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने दोन कुटुंबांतल्या सात जणांचं वर्णन केलं. कोवळ्या वयातली माणसं, बाकी ठणठणीत, पण मॅक्युला झिजत चाललेला. घराण्यातून येणारा हा आजार. आज त्याचं नाव त्यांच्यावरूनच आहे, आणि १९९७ साली त्यामागचं जनुकही सापडलं. म्हणजे मॅक्युला म्हातारपणीच जातो असं नाही, आणि तो आनुवंशिकतेनेही जातो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ठाऊक होतं.

औषधाची गोष्ट वेगळीकडून येते. १९३४ मध्ये बायर कंपनीच्या हान्स आंडरझाग या रसायनशास्त्रज्ञाने एक रसायन बनवलं, रेसोचिन. हिवतापावरचं औषध म्हणून. पण ते फार विषारी ठरेल असं वाटून कंपनीने बाजूला ठेवलं. मग दुसरं महायुद्ध आलं. डासांच्या प्रदेशात लढणाऱ्या सैन्यांना कोयनेल पुरेना, पर्याय शोधता शोधता अमेरिकन लोक त्याच रसायनापाशी पोचले, आणि युद्धानंतर ते क्लोरोक्विन म्हणून जगभर गेलं. आपल्याकडे १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ती कडू गोळी कोणाकोणाच्या जिभेवर आहे?

ती हिवतापाची गोळी मात्र तीन दिवसांची. तेवढ्याने पडद्याला हा धोका नसतो. काळजीची गोष्ट सुरू झाली ती तीच गोळी दुसऱ्याच कारणासाठी रोज, वर्षानुवर्षं दिली जाऊ लागली तेव्हा. १९५१ साली पेज नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की मेपाक्रिन या हिवतापाच्याच औषधाने ल्यूपसच्या रुग्णांना गुण येतो. मेपाक्रिनने कातडी पिवळी पडायची, म्हणून डॉक्टर क्लोरोक्विनकडे वळले. १९५५ मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला परवानगी मिळाली, कारण ते तुलनेने सौम्य. ल्यूपस आणि संधिवाताच्या लोकांना काहीतरी हाती लागलं होतं.

आणि मग १९५७ साली अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यक नियतकालिकात काम्बियाज्जी यांचा छोटासा लेख आला. ल्यूपस झालेल्या एका रुग्णाच्या डोळ्यांत आढळलेले असाधारण बदल, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक. रुग्ण क्लोरोक्विन घेत होता. आज तो लेख क्लोरोक्विनने होणाऱ्या पडद्याच्या इजेचं पहिलं वर्णन म्हणून ओळखला जातो. पण शीर्षकात औषध नाही, आजार आहे! ल्यूपस तर सगळ्या शरीराला छळतो, मग डोळ्यालाही छळत असेल, असं वाटणं किती साहजिक आहे. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, हॉब्स, सॉर्सबी आणि फ्रीडमन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्पष्ट लिहिलं की हे क्लोरोक्विनमुळे होतं.

यातलं सॉर्सबी हे नाव वाचून मी थांबले. हेच ते आर्नल्ड सॉर्सबी, ज्यांनी १९४९ मध्ये सहकाऱ्यांसोबत मॅक्युलाच्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं होतं आणि ज्यांचं नाव आजही त्या आजाराला आहे. घराण्यातून येणारा आजार कसा दिसतो हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांचंच नाव 'हा औषधाचा परिणाम आहे' असं सांगणाऱ्या लेखावर आहे. मला यात काही योगायोग वाटत नाही. एक ओळखीचा असल्याशिवाय त्याच्यासारखा दिसणारा दुसरा वेगळा कसा काढणार?

१९६६ मध्ये मेयोच्या (आपलं मेयो नव्हे हो, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक!) कर्न्स आणि हॉलनहॉर्स्ट यांनी या चित्राला 'बुल्स आय' म्हटलं. म्हणजे नेमबाजीच्या फळ्यावरचा मधला गोल. मध्ये गडद ठिपका, त्याभोवती फिकट कडं. क्लोरोक्विनची खूण म्हणून हे नाव इतकं रुजलं की पुढे गोंधळ उलट्या दिशेने व्हायची वेळ आली. कारण असं कडं श्टारगार्टच्या आजारातही दिसतं, इतर काही आनुवंशिक आजारांतही दिसतं, आणि कधी म्हातारपणच्या झिजेतही तसा भास होतो. चित्र एक आणि धनी चार. पूर्वी औषधाची चूक आजाराच्या नावावर गेली होती, आता आजाराची चूक औषधाच्या नावावर जाऊ शकते. तसं झालं तर माणूस कामाची गोळी सोडून बसतो आणि डोळे तर तरीही जातातच.

मग आत्याच्या बाबतीत कसं ठरवलं?

बाईंनी आधी ओसीटी केलं, म्हणजे पडद्याचा आडवा छेद दाखवणारा फोटो. वयाच्या झिजेत पडद्याखाली पिवळसर साका जमतो, त्याला ड्रुसेन म्हणतात. बहुधा एक डोळा दुसऱ्याच्या पुढे असतो. आत्याच्या डोळ्यांत ड्रुसेन नव्हते, आणि दोन्ही डोळे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे होते. मधला बिंदू शाबूत, त्याच्या अवतीभवतीचा थर विरलेला. अक्षराच्या बाजूची अक्षरं का गायब होत होती ते त्या फोटोत दिसत होतं. श्टारगार्टच्या आजारात बहुतेक वेळा पडद्यावर पिवळसर माशांच्या आकाराचे डाग विखुरलेले असतात आणि ऑटोफ्लुरोसन्स नावाच्या फोटोत ते चमकतात. आत्याच्या फोटोत तसे डाग नव्हते.

मग फील्ड टेस्ट. लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचं, ती. एकदा मधल्या छोट्या भागाची आणि एकदा मोठ्या भागाची, दोनदा केली. मोठी का? तर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेलिस आणि मार्मर यांनी दाखवलं की आशियाई वंशाच्या लोकांत हे कडं बऱ्याचदा केंद्रापासून जरा लांब पडतं. गोऱ्या रुग्णांत असं २ टक्क्यांमध्ये, आशियाईंमध्ये ५० टक्क्यांमध्ये. म्हणजे फक्त मधला भाग तपासला तर निम्म्यांच्या बाबतीत सुरुवातीची इजा हातून निसटू शकते. आत्याचं कडं दोन्ही टेस्टमध्ये आलं.

बाईंनी हेही विचारलं, "घरात कोणाची नजर तरुणपणी गेली होती का?" आत्या गप्प झाली. आमच्या एका चुलत आजोबांना विशीतच वाचता येईनासं झालं होतं. घरात त्याचं कारण टायफॉइड असं सांगत. खरं काय ते आता कोण सांगणार? बाईंनी लिहून घेतलं, पण म्हणाल्या की एका आठवणीवर निदान करता येत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

शेवटी थैली. एक एक बिल, चिठ्ठी, वजनाचं तिकीट टेबलावर मांडलं गेलं. २००८ ते २०२२, चौदा वर्षं. रोज ४०० मिलिग्रॅम. आत्याचं वजन ४६ किलो. २०१६ सालच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या नियमाप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. आत्याचे झाले २३०. ती घेत होती त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. त्यात रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन गेली तीन वर्षं वाढत चाललेलं, म्हणजे मूत्रपिंडं औषध बाहेर टाकण्यात कमी पडत होती. हाही एक ठळक धोका. बाईंनी कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला. चौदा वर्षांत दोन किलोच्या वर औषध पोटात गेलं होतं.

"दोन किलो? बाप्पा! एवढी तर दिवाळीला साखर नाही लागत मले," आत्या म्हणाली. बाई हसल्या, मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र रडू आलं.

याच मेलिस आणि मार्मर यांनी २०१४ मध्ये २३६१ रुग्णांचा अभ्यास छापला होता. ५ मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर पहिल्या दहा वर्षांत धोका २ टक्क्यांपेक्षा कमी. पण वीस वर्षांनंतर तो २० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे गोळी एकाएकी दगा देत नाही. मात्रा आणि वर्षं यांचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागतो, एवढंच. आमच्या घरी तो थैलीत होता आणि चौदा वर्षं कोणी उघडून बघितला नव्हता.

आत्याच्या सांध्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बंद झाली, दुसरं औषध सुरू झालं. हे औषध शरीरातून निघायला महिनेच्या महिने लागतात, आणि गेलेला थर परत येत नाही. कडं आहे तिथेच आहे. पण केंद्र वाचलं. व्हिटॅमिन घेत सहा महिने थांबलो असतो तर त्या काळात आणखी ७० ग्रॅम गेलं असतं.

आता त्या दोन प्रश्नांकडे.

भावासाठी: आत्याला जे झालं ते तिच्या गोळ्यांमुळे, तिची मात्रा, तिचं वजन आणि तिची मूत्रपिंडं यांमुळे. ते रक्तातून पुढे जात नाही. चुलत आजोबांचं मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. घरात कोणा मुलाला चष्मा लावूनही फळ्यावरचं नीट दिसत नसेल, तर डॉक्टरांना ती गोष्ट जरूर सांगा. बाकी घाबरून सगळ्यांना रांगेत उभं करायची गरज नाही.

बहिणीसाठी: अगं, तू गोळी बंद केलीस ते चुकलं. १९९१ साली कॅनडात एक अभ्यास झाला होता. ल्यूपसचे जे रुग्ण या गोळीवर स्थिर होते त्यांतल्या निम्म्यांना गोळी चालू ठेवली, निम्म्यांना न कळत खोटी गोळी दिली. खोटी गोळी मिळालेल्यांत आजार उसळण्याचं प्रमाण अडीचपट निघालं. ल्यूपसला ही गोळी लागते. तुझं वजन, तुझी मात्रा आणि किती वर्षं झाली ते एका कागदावर लिही आणि तुझ्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासून ठेवायचे आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, मूत्रपिंडांचा त्रास किंवा मात्रा जास्त असेल तर त्याआधीपासूनच. आत्याची ती पहिली तपासणीच झाली नव्हती. ती असती तर २०२२ मध्ये शेजारी ठेवून बघायला काहीतरी असतं.

आणि इतरांसाठी: ही गोळी फक्त सांध्यांची राहिलेली नाही. भारतात २०१४ पासून मधुमेहासाठीही तिला जोडऔषध म्हणून परवानगी आहे, त्यामुळे आपल्या ओळखीत ती घेणारे कोणी ना कोणी असणारच. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीने लोक तिच्यामागे धावले, दुकानांतून ती नाहीशी झाली. तेव्हा आत्यासाठी मी चार दुकानं पालथी घातली होती. दोन पाकिटं मिळाली म्हणून केवढा आनंद झाला होता! त्या दिवसाचं बिलही थैलीत होतं. बाईंनी तेही तारखेच्या क्रमाने लावलं.

आत्या आता शब्दकोडं मोबाईलवर मोठं करून सोडवते. मान जराशी वाकडी करून बघते, म्हणजे हरवलेलं अक्षर सापडतं. हे सगळं मी तिला काल फोनवर वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "चांगलं लिहिलं. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आण. थैलीत ठेवते."